रात्रीचं जेवण कोण जेवतंय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: घरामागच्या अंगणात नऊ कोंबड्या पाळणाऱ्या एका बाईंनी लिहिलं आहे. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या काही महिन्यांत खुराड्याभोवती उंदीर दिसू लागले. "तीन-चार असतील," असा त्यांचा अंदाज. आता ते दिवसाढवळ्याही फिरतात. खुराड्याखाली बिळं झाली आहेत, अंडी कमी मिळतायत आणि परवा एका कोंबडीच्या पायाची बोटं रात्रीत कुरतडलेली सापडली. नवऱ्याने विषाची पाकिटं आणून ठेवली आहेत. अकरा वर्षांच्या मुलीने बजावलंय की विष नको आणि मारणंही नको. सासूबाई म्हणतात, मांजर आणा. शेजारी म्हणतात, उंदीर तुमच्या कोंबड्यांमुळे आले, तेव्हा कोंबड्याच काढा. त्या शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणातून इकडे येत असतो. बाई लिहितात: "मी रोज खुराडं झाडते, पाणी बदलते. नऊ जणींना दिवसाला दीड किलो खाद्य लागतं, तेही कमी पडू देत नाही. रात्री उपाशी राहू नयेत म्हणून झोपायच्या आधी भांडं पुन्हा भरते. एवढी स्वच्छता असून उंदीर कसे? कोणाला न मारता आठवड्याभरात ते जातील असं काही सांगा. नाहीतर कोंबड्या देऊन टाकू का?"

तुमच्या बाकीच्या प्रश्नांआधी त्या कुरतडलेल्या कोंबडीचं बघू, कारण ते आज रात्रीचं काम आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दांडीवर बसली की ती उजाडेपर्यंत हलत नाही, आणि उंदराला हे पक्कं कळलेलं असतं. त्या कोंबडीला बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, कारण रक्त दिसलं की इतर कोंबड्या त्याच जागी टोचतात. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. सूज आली किंवा ती लंगडू लागली तर पशुवैद्याला दाखवा. बाकीच्या आठ जणींना खुराडं दुरुस्त होईपर्यंत रात्री दुसरीकडे झोपवता आलं तर उत्तम. घराला लागून असलेली, दाराखाली फट नसलेली खोली चालेल. हवा खेळती राहील असा बारीक जाळीचा मोठा पिंजराही चालेल. थोडे दिवस घाण काढावी लागेल, पण पाय कुरतडून घेण्यापेक्षा ते बरं.

आता उंदरांकडे येऊ. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत उपयोगी वाटलेलं वाक्य उंदरांबद्दलचं नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की नऊ कोंबड्यांना दिवसाला दीड किलो खाद्य लागतं. अंडी देणारी मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते. म्हणजे नऊ जणींचं झालं किलोच्या आसपास. वरचं अर्धा किलो कोण खातंय? थोडं सांडत असेल, थोडं पाखरं नेत असतील. पण एका मोठ्या उंदराचं दिवसाचं जेवण 20 ते 30 ग्रॅम असतं. त्या अर्ध्या किलोपैकी निम्मंच उंदरांकडे जातंय असं धरलं, तरी दहा उंदरांची पंगत रोज उठते आहे. तेव्हा "तीन-चार" हा तुमचा अंदाज सोडून द्या. उंदीर मुळात रात्री फिरणारा. तो दिवसा दिसू लागतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं कारण गर्दी असतं. धिटांनी रात्रीची जागा अडवलेली असते आणि उरलेल्यांना उजेडात बाहेर पडावं लागतं.

"एवढी स्वच्छता असून उंदीर कसे?" या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे: उंदीर घाणीला येतो. झाडणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण उंदराला झाडलेली जमीन आणि न झाडलेली जमीन यात फारसा फरक वाटत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: खायला, प्यायला, आणि जवळच लपायला. तुमच्याकडे रात्री भरलेलं भांडं आहे, ताजं पाणी आहे, आणि खुराड्याखाली अंधारी, कोरडी जागा आहे. तुम्ही मायेने भरलेलं ते रात्रीचं भांडं कोंबड्यांच्या काहीच कामाचं नाही. अंधार पडला की त्या खात नाहीत. संध्याकाळी पोटभर खाऊन गळ्याजवळची अन्नाची पिशवी भरून घेतात आणि ते रात्रभर जिरवतात. सूर्य मावळताना भांडं उचललंत तर एकही कोंबडी उपाशी झोपणार नाही.

माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे. उंदीर किती मारले यापेक्षा त्यांना रात्री काय मिळतं यावर त्यांची संख्या ठरते. मादीची गर्भावस्था 21 ते 23 दिवसांची असते. एका वेळी सहा ते बारा पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वियायला लागतात. खाणं तेवढंच ठेवून निम्मे उंदीर मारलेत, तर उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट येतं आणि त्यांची जास्त पिल्लं जगतात. थोड्याच महिन्यांत गाडी मूळ जागी. याउलट खाणं तुटलं की माद्यांचं विणं कमी होतं, पिल्लं कमी जगतात आणि बरेच उंदीर जागा सोडतात. तुमच्या मुलीला ही गोष्ट नक्की सांगा. कोणालाही हात न लावता उंदरांची संख्या खाली आणणारा उपाय खरंच आहे. फक्त तो आठवड्यात होत नाही, आणि त्यात एकही रात्र चुकवून चालत नाही.

पण तुमच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका असं मी म्हणेन. त्याचं कारण ती बोटं. पोसलेल्या दहा-पंधरा उंदरांचं जेवण एका रात्रीत बंद केलंत तर ते लगेच बिऱ्हाड हलवत नाहीत. आधी आजूबाजूला जे मिळेल ते शोधतात: अंडी, पिल्लं, झोपलेल्या कोंबड्या, तुमचं स्वयंपाकघर, शेजाऱ्यांची कचऱ्याची बादली. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक लोकांचा घोटाळा इथेच होतो. ते आधी बिळं बुजवतात, मग सापळे आणतात, आणि खाण्याचं भांडं शेवटी आठवतं.

पहिलं काम म्हणजे सापळे आणून ठेवा, पण लावू नका. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. वाटेत काल नसलेलं काही दिसलं तर तो काही दिवस त्याला वळसा घालून जातो. चाप न ओढता, नुसतं आमिष ठेवून सापळे पाच-सहा दिवस तसेच राहू द्या. आमिष रोज खाल्लं जाऊ लागलं की समजायचं, ओळख झाली. आमिषाला कोंबडीचं खाद्य वापरू नका, ते त्यांना रोज फुकट मिळतंय. दाण्याचं कूट तेलात मळून घट्ट गोळी करा आणि ती दोऱ्याने चापाला बांधा. नाहीतर ते अलगद उचलून नेतात आणि सापळा तुमच्याकडे बघत बसतो.

सापळा कुठे ठेवायचा? उंदीर मोकळ्या अंगणातून क्वचित जातो. त्याची वाट भिंतीच्या, कुंपणाच्या, फळीच्या कडेने असते आणि अंग घासून घासून तिथे तेलकट काळपट पट्टा उमटतो. तो पट्टा सापडला नाही तर संध्याकाळी संशयाच्या जागी पिठाचा किंवा चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा आणि सकाळी पावलं बघा. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला लागेल असा ठेवायचा. आणि तो कधीही उघडा ठेवायचा नाही. कोंबडी कुठेही चोच घालते, मूल हात घालतं, शेजारचा कुत्रा तर आहेच. लाकडी खोक्याला खालच्या बाजूला सहा-सात सेंटिमीटरचं भोक पाडा, सापळा आत ठेवा, झाकणाला कडी लावा आणि खोकं जमिनीला किंवा भिंतीला पक्कं करा. एक-दोन सापळ्यांनी भागणार नाही. पहिल्याच रात्री सहा-आठ तरी हवेत. थोडे उंदीर सापडले आणि बाकीच्यांनी ते पाहिलं, की नंतर सापळ्याजवळ यायला ते फार दिवस घेतात.

उंदीर आमिषाला सरावले की एक संध्याकाळ ठरवा. त्या संध्याकाळी खाद्याचं भांडं उचला, पाणी काढा, अंडी गोळा करा आणि सगळे चाप एकदम ओढून लावा. भुकेला उंदीर सापळ्याकडे येतो, पोट भरलेला येत नाही. सापळे लावूनही एकही सापडत नाही अशी तक्रार असते, तिथे बहुतेकदा दोन हातांवर भरलेलं भांडं असतं.

यानंतर रोजची शिस्त. सकाळी नऊ जणींचं मोजून एक किलो-सव्वा किलो खाद्य द्या. संध्याकाळी उरलेलं उचला आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकची पिंपं आणि पोती उंदीर सहज कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलंत आणि काठोकाठ भरलं नाहीत, तर चोचीने उडवून सांडणं बरंच कमी होतं. कोंबडी पायरीवर उभी राहिली की झाकण उघडतं, अशी भांडी मिळतात. ती उपयोगाची आहेत, पण झाकण पटकन आणि पूर्ण मिटणारं हवं. रेंगाळत मिटणाऱ्या झाकणाखालून उंदीर आरामात जेवतो. स्वयंपाकघरातलं उष्टं कोंबड्यांना घालत असाल तर तासाभरात संपेल एवढंच, आणि सकाळीच घाला. खताचा ढीग उघडा असेल तर त्यात शिजवलेलं अन्न टाकणं बंद करा. हे सगळं वाचायला सोपं आहे, पण महिन्याभराने एका दमलेल्या संध्याकाळी भांडं उचलायचं राहतं. घरात कोणाचा कोणता वार हे लिहून ठेवा. मुलीला काही करायचं असेल तर हे काम तिचं. उंदीर मरू नयेत असं वाटणाऱ्या माणसाने आधी हे सांभाळायला हवं.

आता खुराडं. तुमच्या खुराड्याला षटकोनी भोकांची पातळ जाळी असेल तर ती कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. मोठा उंदीर 12 मिलिमीटरच्या फटीतून आत शिरू शकतो आणि घरातली छोटी उंदरं 6 मिलिमीटरच्या. तुमची करंगळी जाईल तिथून उंदीर जाईल असं धरून चाला. जस्ताचा मुलामा दिलेली, जोड वेल्ड केलेली, 12 मिलिमीटरहून बारीक चौकोनांची जाड तारेची जाळी घ्या. खालची बाजू हे खरं दुखणं. बिळं बहुतेक वेळा अर्ध्या मीटरच्या आतच असतात, म्हणून जाळी जमिनीत फूटभर खोल पुरा आणि तिथून बाहेरच्या दिशेने फूटभर आडवी वळवा. उंदीर भिंतीलगत खणायला लागतो, जाळी लागली की पुन्हा भिंतीलगतच प्रयत्न करतो. मागे सरकून लांबून खणावं हे त्याला सहसा सुचत नाही. खणणं शक्य नसेल तर खुराड्याच्या तळालाच जाळी ठोका आणि वर तुसाची गादी घाला.

जमलं तर खुराडं जमिनीपासून फूट-दीड फूट उंच पायांवर घ्या. खालून आरपार दिसलं पाहिजे. तिथे काहीही साठवू नका. लाकडाच्या थप्प्या, विटा, जुने पत्रे आणि भिंतीलगतचं गवत खुराड्यापासून दूर करा, निदान दोन-तीन पावलांचा उघडा पट्टा ठेवा. उघड्यावरून पळणं उंदराला जिवावर येतं.

बिळं बुजवायची घाई करू नका. उंदीर आत असताना बुजवलंत तर ते दुसरीकडून बाहेर येतात आणि तुम्ही लक्ष ठेवत होतात ती वाट हरवते. सापळ्यात सापडणं थांबलं की संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडात चुरगळलेला कागद सैल कोंबा. दोन-तीन दिवस तो हलला नाही तर बीळ रिकामं आहे. मग आत जाळीचा बोळा दाबा आणि वर माती ठोकून बसवा. बिळात पाणी सोडणं, धूर करणं, रॉकेल ओतणं यातलं काहीही करू नका. आतले उंदीर घराकडे पळतात आणि तुमची जमीन नासते, आगीची भीती वेगळीच.

विषाबद्दल नवऱ्याशी बोलताना त्यांना चूक ठरवू नका. त्यांना लवकर सुटका हवी आहे, ती इच्छा तुमचीही आहे. पण पाकिटावर काय लिहिलंय ते दोघांनी मिळून वाचा. ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफाकूम अशी नावं असतील तर ही रक्त गोठू न देणारी विषं आहेत. उंदीर ती खाऊन तीन ते सात दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. या कुळातलं वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांचं विष म्हणून आलं आणि त्याला दाद न देणारे उंदीर 1958 मध्येच स्कॉटलंडमध्ये सापडले. मग याहून तीव्र विषं बनवावी लागली. ती शरीरात फार काळ राहतात. विष खाल्लेला, मंदावलेला उंदीर घुबडाने, मांजराने किंवा त्या शेजारच्या कुत्र्याने खाल्ला तर ते त्यांच्या पोटात जातं. आणि कोंबडी सर्वभक्षी आहे, हे आपण विसरतो. ती सांडलेलं विषारी धान्य तर टिपतेच, मेलेलं छोटं उंदराचं पिल्लूही गिळते. या विषांचे अंश अंड्यांत उतरतात. ती अंडी तुमची मुलगी खाणार आहे.

पाकिटावर झिंक फॉस्फाइड असेल तर प्रकरण आणखी धोक्याचं. पोटातल्या आम्लाने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. रक्त पातळ करणाऱ्या विषांवर निदान जीवनसत्त्व के-1 देता येतं, तेही वेळेत कळलं तर, आणि डॉक्टरकडेच. म्हणून घरात मूल, अंगणात कोंबड्या आणि कुंपणातून येणारा कुत्रा असताना सुटं विष टाकायचं नाही, यात मला तडजोड दिसत नाही. तोवर ती पाकिटं कुलपात ठेवा, खाद्याच्या डब्याजवळ तर नकोच. पुढे गरज पडलीच तर कुलूपबंद पेटीत, सळईत ओवलेल्या वड्यांच्या रूपात, जाणकार माणसाकडून ते करून घ्यावं आणि मेलेले उंदीर रोज शोधून उचलावेत.

चिकट पट्ट्या आणू नका. त्यावर अडकलेला उंदीर तासन् तास तडफडतो, पाखरं आणि पाली अडकतात, आणि कोंबडी अडकली तर तिची पिसं उपटावी लागतात. उंदरांना पळवून लावणारी आवाजाची यंत्रं पहिले काही दिवस परिणाम करतात असं वाटतं, मग उंदीर सरावतात. पुदिन्याच्या तेलाचंही तसंच. पैसे जाळीवर खर्च करा.

सासूबाईंच्या मांजराबद्दल. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात एका कचरा-प्रक्रिया केंद्रात उंदीर आणि भटकी मांजरं यांच्यावर कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 79 दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर होते फक्त दोन. मांजर जवळ असलं की उंदीर लपून राहत होते एवढंच, आणि ते दिसेनासे झाले की माणसांना वाटतं ते गेले. पूर्ण वाढलेला उंदीर हे मांजरासाठी सोपं सावज नाही, ती छोट्या उंदरांवर आणि पाखरांवर समाधान मानतात. मांजर हवं असेल तर मांजर म्हणून आणा. गव्हाणी घुबड मात्र खरा शिकारी. पण त्याला बोलावता येत नाही, आणि विष टाकलंत तर पहिला फटका त्यालाच बसेल.

अंड्यांचं एक बघायचं राहिलं. सगळी चोरी उंदरांच्या नावावर टाकू नका. कवच कडेने कुरतडलेलं, पेटीपासून लांब किंवा बिळाच्या तोंडाशी सापडलं तर उंदीर. अंडं गायब आणि काहीच मागे नाही, तर साप असू शकतो. उंदीर वाढले की त्यांच्यामागे साप येतात, तेव्हा संध्याकाळी बॅटरीशिवाय खुराड्यात हात घालू नका. पेटीतला भुसा बलकाने ओला आणि एखाद्या कोंबडीच्या चोचीवर पिवळं दिसलं, तर चोर घरचाच आहे. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा द्या आणि अंडी दिवसातून दोनदा उचला. रात्रीसाठी एकही अंडं पेटीत राहू नये, हे तिन्ही चोरांवर लागू.

लेंड्या आणि घरटी साफ करताना कोरडं झाडू नका, धूळ उडते. हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात येतात आणि पायाच्या बारीक जखमेतूनही शरीरात शिरतात. मुलीने खुराड्यात अनवाणी जाऊ नये. घरात कोणाला जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना उंदरांबद्दल आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

मुलीशी काय बोलायचं? ती म्हणते त्यात दम आहे, ते तिला आधी सांगा. पकडून लांब सोडू असं ती म्हणेल. तो उपाय दिसतो तेवढा दयाळू नाही. अनोळखी जागी, खाण्याची आणि बिळाची माहिती नसलेला उंदीर बहुधा फार दिवस टिकत नाही, आणि टिकला तर दुसऱ्या कोणाच्या खुराड्यात जातो. काही ठिकाणी असं सोडायला कायद्याने मनाईही असते. पकडून पाण्यात बुडवणं हा तर क्रूरपणाच. चांगल्या प्रतीचा, जोरकस चाप बहुतेक वेळा क्षणात मारतो, विषाच्या आठवडाभराच्या मरणापेक्षा ते कितीतरी बरं. ती तरीही नको म्हणाली तर तिला एक खरा पर्याय द्या. कोंबड्या रात्री पूर्ण सुरक्षित जागी झोपत असतील आणि खाद्याची शिस्त एकदाही मोडली नाही, तर महिनाभर सापळ्यांशिवाय बघू. पण एका जरी कोंबडीला पुन्हा जखम झाली तर सापळे लागतील, हे आधीच ठरवा. सापळे मोठ्यांनी सकाळी लवकर, ती उठायच्या आत बघावेत.

शेजारी अर्धे बरोबर आहेत. उंदीर बहुधा आधीपासून आसपास होतेच, तुमच्या भांड्याने त्यांची संख्या वाढवली. पण उंदीर सहसा बिळापासून 30 ते 50 मीटरच्या आतच फिरतो, म्हणजे हे उंदीर तुम्हा दोघांचे आहेत. वाद घालत बसण्यापेक्षा सरळ जाऊन सांगा: अमुक तारखेपासून आम्ही खाद्य बंद करतोय, पहिले काही दिवस उंदीर तुमच्याकडे जास्त दिसतील, तेव्हा कुत्र्याचं जेवण रात्री बाहेर ठेवू नका आणि भिंतीलगत एक-दोन खोकी आम्हाला ठेवू द्या. हे आधी कानावर घातलेलं असलं तर तेच शेजारी तुमच्या बाजूने उभे राहतील. न सांगता केलंत तर त्यांच्या अंगणातला प्रत्येक उंदीर तुमच्या नावावर लागेल.

कोंबड्या देऊन टाकण्याचा विचार मी हसण्यावारी नेणार नाही. रोज संध्याकाळी भांडं उचलायला घरात खरंच कोणी नसेल, तर कमी कोंबड्या ठेवणं किंवा न ठेवणं हा प्रामाणिक निर्णय आहे. पण तसं ठरवलंत तरी उंदरांचा बंदोबस्त आधी करा आणि कोंबड्या नंतर हलवा. उलट केलंत तर उपाशी उंदीर राहतील तुमच्याकडेच, आणि पुढचा दरवाजा स्वयंपाकघराचा.

साधारण सहा आठवडे द्या. दर रविवारी खाद्य किती संपलं ते तोलून लिहा. आकडा दिवसाला किलो-सव्वा किलोवर स्थिर झाला, पिठावर पावलं उमटेनाशी झाली, तर दोन खोकी कायमची लावून ठेवा आणि बाकीची उचलून ठेवा. सहा आठवड्यांनीही खाद्य जास्तच जात असेल, तर कुठेतरी रात्रीचं जेवण सुरूच आहे: पाखरांसाठी टांगलेलं दाण्याचं भांडं, झाडाखाली पडलेली फळं, फुटक्या तळाचा डबा. तेही सगळं तपासून झालं असेल तर उंदीर-निर्मूलन करणाऱ्या जाणकाराला बोलवा. तो आला की कोंबड्या, मूल आणि शेजारचा कुत्रा यांच्याबद्दल त्याला आधी सांगा. त्यावर त्याने खुराडं न बघताच विषाची पुडी काढली, तर दुसरा माणूस शोधा.